अभ्यंकरांची सामायिक भिंत

अभ्यंकर रोज, अगदी रविवारीसुद्धा, सकाळी सात वाजता भिंतीवर बत्ता हाणायचे. तेही जर्मनीत! इथे रविवारी खिळा ठोकला तरी शेजारी दारात येऊन उभा राहतो.

युरो नवा होता तेव्हाची गोष्ट. कार्ल्सरूहेत जुन्या रेल्वे कामगारांच्या घरांच्या ओळीत आम्ही भाड्याने राहायचो. एका टोकाला मी, मधे अभ्यंकर, पलीकडे म्हाताऱ्या फ्राउ केलर. बायको गेल्यावर पुण्यातली नोकरी सोडून हे गृहस्थ पन्नाशीत पीएचडीला आलेले. विषय, इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांची घरं. मग इंग्लंडला का नाही गेलात, विचारलं की म्हणत, "तिथे तज्ज्ञ फार."

त्या घरांना चाळ म्हटलं की तापायचे. चाळीत गॅलरी सगळ्यांची. या घरांत प्रत्येकाचं दार थेट रस्त्यावर, मागे ज्याचं त्याचं अंगण. "सामायिक काय, तर भिंत. भिंत एक, घरं दोन!" इंग्लंडात त्या भिंतीत दोन्हीकडून शेकोट्या बांधलेल्या असत आणि बायका शेकोटीमागच्या भिंतीवर निखारे ढोसायची सळई ठोकून शेजारणीला हाक मारत. तीच पद्धत यांनी इथे सुरू केली. यांचा बत्ता, फ्राउ केलरचं लाटणं. झोपमोड माझी.

त्यामुळे घरमालकाने भिंतींना आवाजरोधक फळ्या ठोकायचं ठरवलं, तेव्हा मी आनंदाने सही केली. अभ्यंकर मात्र बत्ता घेऊन दारात उभे. "नाईन." म्हणजे नाही. कामगार बिचारे गाडीत जाऊन बसले. मालक फोनवर म्हणाला, ठीक आहे, फळ्या केलरबाईंच्या बाजूने ठोकू.

अभ्यंकरांनी बत्ता खाली ठेवला. मग मला म्हणाले, "तुम्ही बोला ना केलरबाईंशी. एकट्या असतात हो. काही झालं तर कळणार कसं?"

मी गेले बाई त्यांच्याकडे. फ्राउ केलरनी कानातलं यंत्र काढून दाखवलं आणि परत लावलं. सकाळी ते लावलेलं नसतं, त्यामुळे काहीच ऐकू येत नाही म्हणे. भिंतीला तळवा लावून बसतात, हादरा जाणवला की लाटणं मारतात.

"मग एवढा खटाटोप कशाला?"

"मला तीन मुली आहेत, रोज फोन करतात. अभ्यंकरांना कोण आहे?" त्या म्हणाल्या. "पण सांगू नकोस. माझी काळजी घेतात असं वाटू दे त्यांना."

तेवढ्यात बेल वाजली. बाईंनी लाटणं घेऊन दार उघडलं आणि कामगारांना म्हणाल्या, "नाईन."

रविवारी सातला बत्ता वाजला. मी चरफडत उशी डोक्यावर घेतली, आणि पलीकडून लाटणं वाजेपर्यंत काही झोपले नाही.