सुरभी सिस्टरांनी भरदिवसा दार लाविले त्याची हकीकत

गावदेवीस नमन करून, पळसदरीच्या धरणाअलीकडील एका गावी जे वर्तमान जाहले ते लिहिण्यात येते. ओट्यावर, अंगणात व खिडकीत जी माणसे जातीने हजर होती त्यांस पुसून, एकाचे दुसऱ्याशी ताडून लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. कमीजास्त दिसेल तर तो सांगणारांचा दोष जाणावा.

सुरभीबाई, मुलखात सिस्टर म्हणून मशहूर, तालुक्याच्या एका दवाखान्यात चौदा वर्षे परिचारिकेची चाकरी करीत होत्या. कोणाची पाळी कोठे, कोणास रजा, कोणत्या वॉर्डात किती माणसे, हा सारा बंदोबस्त त्याच करीत आणि खुर्चीवर मात्र दरवेळी बाहेरून कोणी पदवीधारक येऊन बसे. सबब बाईंनी हिय्या करून परिचर्या प्रशासन व नेतृत्व या विद्येची उच्च पदवी ऑनलाइन मार्गे सर करण्याची मसलत केली, आणि दोन वर्षे ड्यूटीवरून येऊन, भात चुलीवर ठेवून, मोबाइल मसाल्याच्या डब्यास टेकवून तासांस हजेरी दिली. सासूबाई अंबाबाई, वय पंचाहत्तर, जबान तेज, यांचे म्हणणे पडले की, "मानसं सांभाळायला कागूद कशाला लागतो गं?" बाईंनी मोबाइलचा आवाज वाढविला, कारण तास चालू होता.

मग खालापुराकडील एका इस्पितळी अधिसेविकेची, म्हणजे साऱ्या परिचारिकांच्या वरची, जागा रिकामी जाहली. अर्जास महिनाअखेरची मुदत, आणि नेतृत्वाचा शेवटला पेपर तेवढा उरलेला. पेपर घरी बसून द्यावयाचा, परंतु दूरदेशीचा परीक्षेचा नाझर कॅमेऱ्यातून नजर ठेवणार. त्याचे फर्मान आले ते असे की, खोलीचे दार बंद असावे, दुसरा चेहरा दिसू नये, दुसरा आवाज येऊ नये. दोन ताकिदी माफ, तिसरीस पेपर रद्द आणि वर्ष बुडीत. म्हणजे जागाही गेली.

येथे मोठा पेच होता, कारण खोली ओट्यालगतची, तिचे दार तेच घराचे दार. त्या गावी घराचे दार उजाडता उघडते ते दिवेलागणीस लागते. भरदिवसा दार लागले तर त्याचा अर्थ एकच, घरात माणूस गेले. सुरभीबाईंनी हे जाणून पती प्रवीणराव, टेंपोचे मालक, यांस दुकानापाशी नाक्यावर रवाना केले की, गावास नीट समजावून सांगावे. प्रवीणराव मुळात मितभाषी, त्यात पेपराच्या काळजीने चेहरा उतरलेला. त्यांनी "आज घराकडं कोनी येऊ नका" एवढेच सांगितले आणि डोळे पुसले. डोळ्यांत धूळ गेली होती, असे ते आजही शपथेवर सांगतात.

अकरास दार लागले आणि साडेअकरास गाव दाखल जाहले. अंबाबाईंस चार दिवस खोकला होता, तेव्हा कोण गेले याविषयी कोणास शंका नव्हती. शेजारीण सोनुबाईंनी ओट्यावर बसून पहिला हंबरडा फोडिला आणि आत पहिली ताकीद आली. मग नामाजी, तिरडीच्या कामी गावात वाकबगार, खांद्यावर दोन बांबू घेऊन खिडकीशी आले आणि आत डोके घालून पुसते जाहले की, "सिस्टर, म्हातारीला न्हाऊ घातलं का?" दुसरी ताकीद आली. सुरभीबाई पडद्यावरली नजर काढीनात, ओठ हलवीनात, डोळे भरून आले तरी पुसता येईना, कारण हाताने चेहरा झाकला तर तीही चूकच. दोन वर्षांची मेहनत आता सोनुबाईंच्या पुढल्या श्वासावर टेकली होती. नामाजींनी अंगणात जाहीर केले की, पोरीची वाचा बसली.

हे ऐकून सोनुबाईंनी दुसऱ्या हंबरड्यास ऊर भरून घेतला, तोच घराच्या बाजूने खाशा अंबाबाई प्रकट जाहल्या. त्या परसदारी वाल सोलीत होत्या आणि स्वतःच्या मरणाची वार्ता त्यांनी तेथूनच ऐकिली होती. काखेत सूप, ओठांवर बोट. सोनुबाईंचा हंबरडा घशातच राहिला. मग दबक्या आवाजात हुकूम सुटला तो येणेप्रमाणे, "पोरीचा पेपर हाय. जो तोंड उघडील त्याच्या मयताला मी येनार नाय."

याउपर कोणाची छाती होईना. आणि अंबाबाईंनी नुसत्या बोटाने फौजेची वाटणी केली. खोकणारे गोठ्यामागे, रडणाऱ्या विहिरीकडे, नामाजींस त्यांच्याच बांबूंवर बसविले, आणि रिकामे हात बोलके होतात म्हणून सर्वांस मूठमूठ वाल सोलावयास दिले. चाळीस माणसे सव्वा तास मुकाट बसली, असे त्या गावात पूर्वी कधी जाहले नव्हते.

आत शेवटला प्रश्न आला की, बिथरलेला जमाव आवरणारे नेतृत्व स्वानुभवाच्या उदाहरणासह स्पष्ट करा. बाहेर शांतता होती आणि शेंगा फुटल्याचा बारीक आवाज येत होता. ही करणी कोणाची हे सुरभीबाईंनी न पाहता ओळखिले, त्यांस हायसे वाटले, आणि त्यांनी पानभर उत्तर लिहिले.

पंधरा दिवसांत निकाल लागून पदवी पहिल्या वर्गात फत्ते जाहली आणि मुदतीच्या आत अर्ज जाऊन जागाही मिळाली. सदर उत्तरास दहापैकी नऊ गुण पडले. ते कोणावर लिहिले हे कळताच अंबाबाईंनी विचारिले की, एक कुठं कापला? सुरभीबाई म्हणाल्या, "तुमच्याजवळ कागूद नाय, म्हनून." अंबाबाईंनी पदराने डोळे टिपून नामाजींचे बांबू परत देण्याचे नाकारिले, आणि त्यांवर हल्ली दुधीचा वेल चढविला आहे.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. अधिसेविका सुरभीबाईंनी गादीवर बसताच इस्पितळात पहिला हुकूम काढिला तो त्यांच्या दालनाबाहेर लाविलेला आहे, की हे दार दिवसा लावू नये.