बिराजदार सरांचे तीन नियम

आमच्या शेजारच्या बिराजदार सरांना कुणी मदतीला बोलावू नये. ते येतात, हीच अडचण आहे.

सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. मागच्या उन्हाळ्यात ऑफिसला निघताना माझी स्कूटी गेटमध्येच बंद पडली. गेटपासून रस्त्यापर्यंत चढ आहे. म्हटलं, "सर, जरा मागून ढकलता का?" सर आले आणि हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

"बाहेरून बल लागल्याशिवाय थांबलेली वस्तू हलत न्हाय. पहिला नियम. आता सांगा, बल कोण लावणार?"

"तुम्ही, सर."

"बरोबर. किती लावणार?"

त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

एकदा मी स्कूटीवर ज्वारीचं पोतं पायापाशी ठेवून येत होते, तर सर हात वर करून गल्लीच्या मधोमध. "पोतं असताना वेग तोच ठेवलात व्हय? वस्तुमान वाढलं की संवेग वाढतो. ब्रेक आधी दाबायचा."

"तुम्ही मधे उभे आहात म्हणून दाबला, सर."

"तेच सांगतो की. थांबायला अंतर लागलं का न्हाय?"

पण कहर झाला तो माझ्या मुलीला बघायला वैरागची मंडळी आली तेव्हा. सरांना मोठं माणूस म्हणून बोलावलं होतं. टीपॉयवर चादर, चादरीवर चहाचे भरलेले कप. सर मुलाच्या काकांना म्हणाले, "जडत्व दाखवतो. चादर येती, कप जागेवर ऱ्हातात." मी "सर, नको" म्हणेपर्यंत चादर ओढून झाली होती. दोन कप काकांच्या मांडीवर. सर शांतपणे चादर चाचपत म्हणाले, "सोलापुरी हाय की ही. घर्षण लई."

ते स्थळ पुन्हा आलं नाही. मी सरांशी महिनाभर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या अक्कांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. सर बाहेर दिसेनासे झाले. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला हायसं वाटलं. मग ते घर फारच गप्प वाटायला लागलं.

परवा सकाळी मेथीची भाजी द्यायला गेले. दार उघडंच होतं. सर अक्कांना धरून चालवत होते आणि कन्नडमध्ये सतत बोलत होते. मला बघून मराठीवर आले. "तिसरा नियम हिला पटवतोय. आपण जमिनीला मागं ढकलायचं, मग जमीन आपल्याला पुढं ढकलती. जमीन कुणाला न्हाय म्हणत न्हाय. फक्त आपण आधी..."

"सुम्निर्री," अक्का म्हणाल्या.

मला कन्नड येत नाही, पण सोलापुरात राहून एवढं कळतं. गप बसा.

सर थांबले. अक्कांचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. झटक्यानंतर त्या घरात अक्कांचा हा पहिला शब्द होता.

"तुमीबी ऐकलंत ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"ऐकलं, सर."

अक्कांनी पाय उचलला. तिथून खुर्चीपर्यंत सहा पावलं होती. सर एक अक्षर बोलले नाहीत.