मागल्या आसनाच्या विम्याची बखर

श्री. मूषकापासून गरुडापर्यंत ज्या ज्या वाहनांवर देव बैसले त्या सर्व वाहनांस साष्टांग दंडवत. ती आजवर विम्यावाचून सुखरूप चालली, तैसी वाचणारांचीही चालोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते समयी स्वामींची आज्ञा जाहली की, दुचाकी दौलतीत धुमाळ आणि काकडे या दोन मातबर सरदारांमध्ये जी तेढ पडली तिचे मूळ काय आणि शेवट कैसा जाहला, तो मजकूर घडला तैसा लिहून हुजूर ठेवावा. आज्ञा शिरसावंद्य. सेवकाने पाहिले ते आणि ऐकिले ते, पदरचे किंचित घालून, लिहिले आहे.

राज्य कोणते आणि शहर कोणते ते सांगावयाची मनाई आहे. त्या राज्यात हजार सीसीच्या घोड्यांचे एक पथक होते. दर रविवारी सूर्योदयास पथक मोहिमेस निघे, आणि मोहीम म्हणजे घाट चढोन जाणे, मग घाटमाथ्यावरील मिसळ सर करणे, आणि मग दुपारचे आत घरी परतोन मुकाट्याने भाजी आणावयास जाणे. पथकाचे आघाडीस हिरोजीराव धुमाळ. फरशी आणि टाइल्सचा व्यापार थोर, छाती रुंद, हात सढळ, परंतु स्वभाव मोठा हेवेखोर. दुसऱ्याचे ताटातली तर्री आपल्याहून लाल दिसली तरी स्वारींचा घास कडू होई. अश्व हिरवा, चार सिलिंडरांचा. तो खिंकाळला म्हणजे तीन इमारतींच्या खिडक्या उघडत आणि लोक शिव्या देत, आणि त्या शिव्या हिरोजीरावांस सलामीच्या तोफांसारख्या गोड लागत. अश्वाचे मागील आसन त्यांनी काढून टाकिले होते आणि तेथे एक निमुळते झाकण बसविले होते. कारण पुसता सांगत, "एकट्याचा घोडा वाटला पाहिजे. मागं माणूस बसला की स्कूटर होते त्याची." त्यामुळे त्यांचे कुटुंब सगुणाबाई, लग्नास नऊ वर्षे जाहली तरी, त्या अश्वावर एकवारही बैसल्या नव्हत्या.

पथकाचे पिछाडीस येसाजीराव काकडे. पेशाने दातांचे डॉक्टर, अविवाहित, मितभाषी, आणि हिरोजीरावांचे पाटीपेन्सिलीपासूनचे स्नेही. अश्व तोच, साल तेच, सहा वर्षांमागे अक्षय्य तृतीयेस दोघांनी एकाच दुकानातून जोडीने आणिला होता. भेद इतकाच की येसाजीरावांचा काळा, आणि त्याचे मागील आसन जागचे जागी. पिछाडीचे काम म्हणजे कोणी मागे राहिला, कोणाचे चाक बसले, कोणी पडला, तर थांबून त्यास सावरणे. ते काम मागून घेणारा दुसरा कोणी निघाला नाही, आणि येसाजीरावांनी न मागता घेतले.

पेशजी आश्विन मासी ऐसे जाहले की, मोहिमेचे मध्येच हिरोजीरावांस गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि ते रस्त्याचे कडेस थांबले, आणि पथक पुढे गेले, मग गाठावयाचे घाईत स्वारींनी मूठ पिळली, आणि घाटातील तिसऱ्या वळणावर रेती पसरली होती तिजवर अश्वासह आडवे जाहले. अश्वाची एक बाजू खरवडली, दिवा फुटला, आणि स्वारींचे खांद्याजवळचे हाड मोडले. मागे येसाजीराव मात्र होते. स्वारी घाट उतरून इस्पितळात कैसी पोचली याविषयी दप्तरी कागद नाही. हिरोजीराव "जीप मिळाली" इतकेच सांगत, आणि येसाजीराव काहीच सांगत नसत. अश्वाचे दुरुस्तीस विम्याकडून क्लेम घेतला, तो मंजूर जाहला, आणि प्रकरण मिटले ऐसे सर्वांस वाटले.

परंतु चैत्र वद्य पक्षी विमादप्तराचा खलिता आला की, पॉलिसीची मुदत सरत आली, सबब नवीन हप्ता एकवीस हजार भरावा. गतवर्षी हप्ता याहून बहुत कमी होता. हिरोजीरावांची मर्जी खप्पा जाहली, आणि त्यांनी विम्याचे एजंट दामोदरपंत यांस दुकानी बोलाविले. दामोदरपंत घाम पुसत आले आणि बोलिले, "साहेब, मागच्या वर्षी क्लेम घेतलात ना. पाच वर्षं घेतला नव्हता म्हणून निम्मी सूट होती. एक क्लेम घेतला की सूट शून्यावर येते." स्वारींनी हे ऐकिले, आणि न ऐकिल्यासारखे केले, आणि मनात होते तेच पुसिले, "येसाजीला किती आलाय?" दामोदरपंत म्हणाले, "दुसऱ्याचं मी कसं सांगू?" मग स्वारींनी जागचे जागी येसाजीरावांस फोन लाविला, आणि त्या भल्या गृहस्थाने काहीएक न पुसता आपली नवीन पॉलिसी मोबाइलवर धाडून दिली, आणि खाली लिहिले की, तुला उपयोग झाला तर बघ. हप्ता तेरा हजार.

आता आठ हजारांचा फरक स्वारींस जड होता ऐसे नव्हे. त्याहून अधिक ते एका लग्नात आहेर करून येत. परंतु घोडा तोच, शहर तेच, साल तेच, आणि काकड्यास तेरा? बालपणी शाळेत दोघांस सारखे गुण पडले तरी गुरुजी पाठ येसाजीची थोपटीत, ती जुनी कळ उठली. मग स्वारींनी पाच कंपन्यांचे भाव आणविले आणि टेबलावर मांडिले. एकीचा हप्ता स्वस्त, परंतु तिने हिरव्या अश्वाची किंमत इतकी कमी धरिली होती की वाचून स्वारींचे डोळे भरले. दुसरीने प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे देऊ ऐसे बारीक अक्षरात लिहिले होते. तिसऱ्या माणसास इजा जाहली तर भरावयाचा जो सक्तीचा विमा, तो तर साडेतीनशे सीसीचे वरती सर्वांस एकच, म्हणजे हजार सीसीचा सरदार आणि चारशेचा शिलेदार एकाच पंगतीस. तेही स्वारींस अपमानाचे वाटले. दिवस मावळेतो तुलना चालली, परंतु तेराचा आकडा कोणी देईना. मग येसाजीरावांचे पॉलिसीत खोट काढावी म्हणोन स्वारींनी ती ओळीओळीने वाचावयास घेतली, आणि दुसऱ्या पानावर दृष्टी थबकली.

तेथे लिहिले होते की, मागील आसनावरील व्यक्तीचा अपघात विमा, तीन लाख, हप्ता रुपये दोनशे दहा.

स्वारींनी पुसिले, "हे काय?"

"मागं बसणाऱ्याचा विमा," दामोदरपंत बोलिले. "यंदाच घातलाय डॉक्टरांनी. मी विचारलंसुद्धा, घरी कोणी नाही तुमच्या, कशाला? म्हणाले, असू द्या."

"नाव काय तिचं?"

"नाव नसतं त्यात साहेब. जो बसेल त्याला लागू."

दामोदरपंतांनी 'जो' म्हटले आणि स्वारींनी 'जी' ऐकिले. आठ हजार विसरले, पाच कंपन्या विसरल्या, आणि काळजात दोनशे दहा रुपये सलू लागले. कोण बैसते? आणि मग, सेवकाने सांगू नये, ते स्वारींस आठवले की, सगुणाबाईंच्या दाढांचे काम माघापासून येसाजीरावांकडेच चालले होते, दर गुरुवारी, एक दाढ सरली की दुसरी. त्या सायंकाळी बाई दवाखान्यातून आल्या. औषधाने अर्धे तोंड बधिर होते, त्यामुळे हसल्या तर अर्ध्याच हसल्या, आणि ते अर्धे हसू स्वारींस भलतेच गूढ दिसले.

"कशानं आलीस?" स्वारींनी पुसिले.

"रिक्षानं. कशानं येणार?"

"रिक्षानंच?"

"मग काय, घोड्यावरून? माझ्या नशिबात कुठला आलाय घोडा," बाई बोलिल्या, आणि आत जाऊन वरणास फोडणी दिली. स्वारींनी हे वाक्य जिभेवर घोळविले, आणि जितके घोळविले तितके कडू लागले.

पुढील गुरुवारी हिरोजीरावांनी दुकान मुनिमावर सोपविले, आणि दवाखान्याचे समोर रसवंतीत आड बैसले, आणि बैसण्यास निमित्त म्हणोन उसाचे रसाचे चार ग्लास प्याले. काळा अश्व दारी उभा होता. अश्वावर धूळ होती, परंतु मागील आसन पुसून लख्ख! स्वारींस दुसरा पुरावा नको होता. मग बाई बाहेर आल्या, गाल धरून रिक्षात बैसल्या आणि गेल्या, तेव्हा स्वारींनी निष्कर्ष काढिला की, आपणास पाहिले म्हणोन रिक्षा केली. त्या आठवड्यात स्वारी जेविली थोडे आणि बोलिली त्याहून थोडे. दोन माणसे गमावावयाची वेळ आली होती, एक नऊ वर्षांचे आणि एक तीस वर्षांचे, आणि कोणाचा राग अधिक करावा तेही उमजेना. खोटे का लिहावे, त्या दिवसांत हिरोजीराव गोदामात टाइल्सचे खोक्यावर बैसून एकवार रडले.

चैत्राचे अखेरचे रविवारी पथकाचा वर्धापनदिन. त्या दिवशी घोडे पुढे आणि कुटुंबकबिला मागून गाडीत, ऐसी चाल होती. घाटमाथ्यावर लांब टेबल मांडिले, मिसळीचे ताट प्रत्येकापुढे आले, आणि पहिला पाव मोडणार इतक्यात हिरोजीराव उठोन उभे राहिले. हातात येसाजीरावांचे पॉलिसीचा छापील कागद, आणि दोनशे दहावर तांबड्या पेनाचे वर्तुळ.

"येसाजी, सगळ्यांसमोर विचारतो. तुझ्या गाडीवर मागं कोण बसतं?"

येसाजीराव गोंधळले. "कोणी नाही. कोण बसणार?"

"मग हे पैसे काय वाऱ्याला भरलेस? सीट रोज पुसतोस ती कोणासाठी?"

"मांजर झोपतं रे तिच्यावर. केस पडतात."

कोणी हसले, आणि स्वारींचे मुद्रेकडे पाहून गप्प जाहले. येसाजीरावांनी हळूच सगुणाबाईंकडे पाहिले, आणि ते पाहणे हिरोजीरावांनी पाहिले, आणि त्यांचे कान तापले. इतक्यात बाईच बोलिल्या, "भावजी, सांगून टाका आता. ते काय मनात धरून बसलेत ते दिसतंय मला. आठवडाभर दिसतंय."

येसाजीरावांनी चमचा खाली ठेविला. "तूच बसलास की, बाबा. आश्विनात. दुसरं कोण बसलंय आजवर?"

येसाजीराव खालमानेने बोलत गेले. "जीप मिळालीच नव्हती. एका हातानं माझं जर्किन धरलं होतंस तू. अख्खा घाट मी एकच विचार करत होतो, हा मागून घसरला तर सगुणावहिनींना मी काय सांगू. तू जीप म्हणालास, मीही जीप म्हणालो. पण पिछाडीला मीच असतो ना. पुन्हा कोणी ना कोणी बसेलच मागं. म्हणून घातला विमा. दोनशे दहा तर रुपये."

हिरोजीरावांचा हात कागदासह खाली आला. त्यांनी बाईंकडे पाहिले. "तुला ठाऊक होतं?"

"इस्पितळाच्या दारात उभी होते मी," सगुणाबाई बोलिल्या. "तुम्ही त्यांच्या पाठीला गाल टेकून, डोळे मिटून आलात. एवढं शांत मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. हाड मोडलेलं, रक्त येतंय, आणि मला काय वाटलं सांगू? हेवा वाटला. भावजींचा नाही, तुमचा. तुम्हाला तरी कोणी मागं बसवून आणलं. मला नऊ वर्षांत एक झाकण दाखवलंत."

हिरोजीराव खाली बैसले. मिसळ निवाली आणि तर्रीवर साय धरली तरी त्यांनी हात लाविला नाही. मग बहुत वेळाने येसाजीरावांचे ताटात आपला पाव ठेविला, आणि येसाजीरावांनी तो खाल्ला, आणि इतक्यावर तह जाहला.

दुसरे दिवशी दामोदरपंतांस बोलावणे गेले. स्वारी बोलिली, "ती मागच्या सीटची ओळ माझ्याही पॉलिसीत घाला." पंत भीत भीत बोलिले, "साहेब, हप्ता वाढेल. एकवीस हजार दोनशे दहा." "वाढू दे." मग झाकण निघाले, माळ्यावरील आसन उतरले, आणि सगुणाबाई नवे हेल्मेट घालून आधी तीन वेळा उतरल्या आणि चौथ्या वेळी बैसल्या. पथकाची आघाडी हिरोजीरावांनी आपण होऊन सोडिली आणि पिछाडीस, येसाजीरावांचे जोडीने, चालू लागले.

येथे स्वारींचा हेवा समूळ गेला ऐसे लिहिले असते, परंतु पदरचे घालावयासही मर्यादा आहे. वैशाखात त्याच तिसऱ्या वळणावर पथकातील पाटणकर घसरले. पाय मुरगळला, फार काही नाही. येसाजीरावांनी त्यांस मागे बैसविले आणि सावकाश घाट उतरू लागले. हिरोजीराव मागून येत होते. त्यांनी पाहिले की, पाटणकरांनी येसाजीरावांचे पाठीस गाल टेकिला आहे आणि डोळे मिटले आहेत. त्या पाठीवरून त्यांची दृष्टी निघेना, आणि अश्व रस्ता सोडून कडेस ओढू लागला.

"पुढं बघा," सगुणाबाई मागून बोलिल्या, आणि कमरेची मिठी घट्ट केली.

स्वारींनी पुढे पाहिले. सारांश इतकाच की, घोडे सारखे, हप्ते वेगळे, आणि मागल्या आसनाचा भाव पाचही कंपन्यांनी कमी लाविला होता. बखर पुरी जाहली. सही नाही, शिक्का नाही, मुदत येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत.