कोपरापर्यंतचा झटका

आमचे शेजारी हसनचाचा वीज हाताने मोजतात. झटका मनगटापर्यंत लागला तर माल कच्चा, कोपरापर्यंत लागला तर पसंत, आणि खांद्याला पोचला तर "ह्यो मालकाला मारील!" म्हणत सगळ्या तारा पुन्हा सोडायच्या.

आगरदांड्याच्या जेटीपासून दोनशे दहा पावलांवर (मी मोजली आहेत) त्यांची पडवी. तिथे पार आजोबा-पणजोबांच्या काळातल्या मोटारींचे विजेचे भाग बनतात. मुख्यतः मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारा डबा. हे भाग दुकानात मिळत नाहीत, त्यांचे नकाशेही उरलेले नाहीत. चाचा मोडका डबा उघडतात, हुंगतात आणि नवा मनातच आखतात. लोहचुंबक जुन्या स्पीकरमधून, अभ्रक भंगारातल्या इस्त्रीतून, लाख तळा गावातल्या कासाराकडून.

"बाजारात न्हाय म्हंजे जगात न्हाय, असं थोडंच हाय, गुरुजी?"

मी शाळेत गणित शिकवतो. एकदा ते केसाएवढ्या तारेचे नऊ हजार वेढे घालत होते, तेव्हा शेजारी बसून मीही मोजले. माझे तीन कमी भरले.

"तुमी चहा घेतलात तवा," चाचा म्हणाले.

मी चहा घेतला होता.

प्रत्येक डब्याची नोंद वहीत होते. रकाने दोन : 'मी' आणि 'जैनब'. जैनबचाची स्वयंपाकघरातून हात पुसत यायच्या, तार धरायच्या आणि "या अल्ला, कोपर!" म्हणून परत जायच्या. दोघांचं जुळलं तरच पार्सल. चाची गेल्याला तीन वर्षं झाली. चाचा अजून दोन रकाने आखतात. दुसरा कोरा राहतो. एक रकाना आखला तर निम्मा कागद वाचेल, असं मी सुचवून पाहिलं.

"गणित तुमचं, वही माजी," एवढंच उत्तर मिळालं.

परवा पुण्याच्या एका गृहस्थांचा मॅग्नेटो तयार झाला. रविवारी ते जुनी गाडी घेऊन घाट चढणार होते. ठिणगी कमी पडली तर गाडी वळणावरच बंद पडायची. चाचांनी उजव्या हातात तार धरली, डोळे मिटले आणि डाव्या हाताने दांडा फिरवला.

"कोपर."

तार टेबलावर पडली होती.

"चाचा, तार सुटलीय."

त्यांनी डोळे उघडून आधी तारेकडे पाहिलं, मग बोटांकडे.

"साखरेनं बोटं खाल्ली, गुरुजी. महिनाभर कमी लागत व्हतं. आज सुटलेली पन कळली न्हाय." त्यांनी पार्सलचा खोका बाजूला सारला. "सवयीनं बोललो बगा. न्हाय, ह्यो डबा न्हाय जायाचा. आता कुटलाच न्हाय जायाचा."

"शाळेतून मीटर आणू?"

"मीटरला दुखतं व्हय?"

चाळीस वर्षांचं काम एका सुटलेल्या तारेपाशी थांबलं होतं. मी घड्याळ काढून ठेवलं, तार उचलली आणि म्हटलं, "फिरवा."

काय झालं ते आकड्यांत सांगता येणार नाही. मी स्टुलावरून उठलो होतो, एवढं खरं.

"कुठवर?"

"कोपराच्या वर. दोन बोटं."

"बोटं कुनी इचारली!" म्हणत चाचांनी वही ओढली. आपल्या रकान्यात आडवी रेघ मारली. पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर थोडा वेळ तशीच धरली आणि मग सावकाश लिहिलं : कोपर.

खोक्याला सुतळी बांधताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तिलाबी दोन बोटं वरच लागायचा."