सवतीचा फोटो

माझ्या पोटात पडलेली गोष्ट ओठावर येत नाही, अशी एकसष्ट साली बोरी अरबमध्ये माझी ख्याती होती! म्हणून तर माझा दोस्त बाबाराव याने आपला फोटो माझ्याकडे ठेवला. पोळ्याच्या नाटकात त्याने राणीचा पार्ट केला होता. नऊवारी, नथ, गजरा... असा दिसला म्हणता, की पुढच्या ओळीतले म्हातारे पाणी प्यायलाही उठेनात! फोटोवाल्याने त्याच वेशात त्याचा चांगला हातभर फोटो काढला.

पण बाबारावची सोयरीक चालू होती.

"पोरीवाल्यायनं पाह्यला, त मी जन्माचा बिनलग्नाचा राह्यलो! कोनाले सांगू नोको. वहिनीले बी नाई!"

"आईची शपथ!" म्हणत मी फोटो पेटीत धोतरांखाली सारला.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. चौथ्या दिवशी फोटो बायकोच्या, प्रभावतीच्या हातात!

"कोन हाये हे?"

"कोनी नाई."

"कोनी नाई, मंग धोतराखाली काहून ठेवली?"

आईची शपथ होती ना! दोन दिवस तिने रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी स्वतःच निकाल लावला.

"तुमची पहिलीच असन. जिती असन त सांगा, मी आत्ता राळेगावले बापाघरी जातो. मेली असन त सांगा, नवमीले तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो."

तुम्हीच सांगा, बायको जाऊ द्यायची की बाबाराव?

"मेली," मी म्हणालो.

"कशानं?"

"पटकीनं."

"नाव?"

"गोदावरी."

तिचा चेहरा लगेच निवळला! जित्या सवतीशी उभा दावा आणि मेलेलीची पूजा, ही आपली रीतच. अविधवा नवमीला फोटो पाटावर बसला. हळदीकुंकू, हार, पुरणपोळीचा नैवेद्य, ओटीला नवं लुगडं! सवाष्ण म्हणून आलेल्या शेजारच्या धुरपताबाई फोटो पाहून डोळे पुसायला लागल्या.

"मी पाह्यली होती इले. लय गुनाची होती माय!"

मी कपाळाला हात लावतो न लावतो, तोच राळेगावहून सासरे, पंजाबराव, येऊन टपकले. लेकीने सगळं सांगितलं. त्यांनी पागोटंच आपटलं.

"बिजवराले पोरगी देली म्या! चाल प्रभे, चारच्या गाडीनं घरी!"

प्रभावती खरंच पेटी भरायला उठली. शपथ गेली खड्ड्यात, म्हणून मी तोंड उघडणार, इतक्यात दारात बाबाराव! सोयरीक पक्की झाली होती, गडी फोटो न्यायला आला होता. पाटाकडे पाहून किंचाळलाच.

"अबे, मी जिता हाओ ना! मले हार काहून घातला?"

कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने ओटीतलं लुगडं उचललं, डोक्यावरून घेतलं, पदर मिशीवर धरला आणि मान वेळावली. हुबेहूब फोटो! सासरे हसून हसून भिंतीला टेकले. बाबारावने बसल्या बैठकीला पाच पुरणपोळ्या चापल्या.

सुटलो एकदाचा, म्हणून मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"हे त बाबारावभाऊ झाले," प्रभावती शांतपणे म्हणाली. "मंग थे पटकीनं मेलेली गोदावरी कोन? तिचा फोटो कोठी लपवला?"

तेव्हापासून किती शपथा घेतल्या, काही उपयोग नाही. दर नवमीला गोदावरीच्या नावाने पान वाढलं जातं. आदल्या दिवशी प्रभावती विचारते, "तिले काय आवडे?"

मी मान खाली घालून सांगतो, "कढीगोळे."

काय करणार, मला आवडतात!