गुंडूमामांचा फोटो

एखादी नवी मुलगी घरच्या आठवणीनं रडायला लागली, की आमच्या मेसचे आचारी गुंडूमामा तिला स्वतःचा फोटो दाखवायचे. साडीच्या दुकानातल्या पिशवीतून अलगद काढून बल्बसमोर धरायचे. मुलगी रडायची थांबायची, कारण तो एक्स-रे असायचा.

"मामा, ह्यात तुमचं तोंडच नाही!" देवणीहून आलेली एक मुलगी म्हणाली होती.

"तोंडात काय बघायचंय? ह्यो माझा खांदा. भूकंपातला."

लातुरात क्लासेस वाढले तशी मी मुलींची मेस काढली. किराणा, गॅस, परीक्षा, सगळ्याच्या याद्या मी फ्रिजवर लावते. मामांना वाचता येत नाही. त्या याद्यांना ते "ताईचं पंचांग" म्हणतात आणि डबा टिचकीनं वाजवून आतली डाळ ओळखतात. जेवायला उंबरठ्यात बसतात. "एक पाय भाईर असलेला बरा. कधी हलंल, नेम न्हाई."

खांद्याच्या दुखण्याला ते पावणा म्हणायचे. "आज पावणा लई चढायलाय, ताई." तीन महिने झाले, पावणा हलेना. कणिक मळताना मामा ओठ चावायचे. वरच्या फळीवरचा डबा हाती येईना. फोटो काढायचाच, असं मी ठरवून टाकलं.

"एक हाय की माझ्याजवळ. दुसरा कशाला?"

"तो जुना झाला, मामा."

"मी बी जुनाच हाय."

"पावण्याला भीत नाहीत, मशीनला भितात!" मी भर पंगतीत म्हणाले. मुली हसल्या. मामाही हसले. त्यांचं ते हसणं आठवलं, की आजही मान खाली जाते.

दवाखान्यात मी लक्षणांची यादी वाचायला घेतली. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवून मामांचा हात सगळीकडून फिरवून पाहिला. मामा एवढ्यात पडले नव्हते, ताप नव्हता, सूज नव्हती, हातात ताकद होती. साखरही तपासली.

"खांदा आखडलाय. आत्ता फोटो नको. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करा. दीड महिन्यात फरक पडला नाही किंवा ताकद कमी वाटली, तर बघू." मग जुनी फिल्म परत देत ते म्हणाले, "ह्याचा आता काही उपयोग नाही."

"बघा, दुसरा फोटो लागत न्हाई!" मामा रस्ताभर खूश होते. माझ्या डोक्यात मात्र डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं.

त्या आठवड्याच्या यादीत एक काम उरलं होतं: डब्यांवर नावं टाकणे. एक्स-रेची फिल्म ब्लेडनं कापली, की अक्षरांचा साचा छान होतो. मामा दळणाला गेले होते, पिशवी खुंटीला होती. मी 'डाळ' कापलं, तुकडे घंटागाडीत टाकले आणि डब्यावर हिरवा रंग फिरवला.

मामा आले. साचा उचलून त्यांनी बल्बसमोर धरला. खालच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत राहिले. तिथं आता 'ळ'ची भोकं होती.

"हितं तिची बोटं व्हती," ते म्हणाले.

भूकंपानंतर तंबूतल्या दवाखान्यात फोटो काढताना त्यांची सहा वर्षांची लेक, सुंदर, त्यांच्या दंडाला धरून बसली होती. सोडेचना. कंपाउंडरनं तसाच काढला. चार दिवसांनी ती गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

किती वेळा तो फोटो माझ्यासमोर धरला असेल. मी खालच्या कोपऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मी रॉकेलचा बोळा घेऊन डबा पुसायला लागले, तर मामांनी माझा हात धरला.

"राहू द्या. रंग तिच्या बोटांच्या जागेतनंच गेलाय न्हवं? कोणतं अक्षर हाय ह्ये?"

"ळ."

"बरं दिसायलंय."

तो डबा त्यांनी वरच्या फळीवरच ठेवायला लावला. रोज सकाळी कणिक मळण्याआधी ते फळीखालच्या भिंतीवर बोटं चढवतात. काल ती 'ळ'पर्यंत पोचली आणि तिथंच थांबली. मी फ्रिजकडे तोंड करून यादी वाचत उभी राहिले. त्यावर काय लिहिलं होतं, मला सांगता येणार नाही.