तळ्यावरचं हळदीकुंकू

पहारा करावा तर फौजी माणसानं! ब्रह्मदेशच्या जंगलात ज्यानं जपान्यांना पत्ता लागू दिला नाही, त्याला कराडच्या मळ्यातलं एक बदक सांभाळणं काय अवघड?

लढाईवरून परतलो, त्या श्रावणात आमच्या मळ्यातल्या तळ्याकाठी रानबदकीण अंड्यांवर बसली. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लालभडक ठिपके. म्हणून या बदकाला हळदीकुंकूच म्हणतात. मी आनंदानं वेडा झालो! पण रानपाखरू ते. जरा गलका झाला, की सगळं टाकून उडून जायचं.

म्हणून शेजारच्या दादासोंना बजावलं, "आमच्या तळ्यावर हळदीकुंकू हाय. शुक्रवारी उरकंल. तवर तुमचं कुत्रं बांधून ठेवा."

शुक्रवारी सकाळी पिलं फुटली! आता ती आईमागून पाण्यात उतरेपर्यंत शांतता हवी. मी पलटणीतली युक्ती काढली. बायकोचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि गवतात झुडूप होऊन बसलो.

इतक्यात बांगड्या वाजल्या. बघतो तर दादासोंची रंगूबाई पुढं आणि मागं अख्खी आळी! ठेवणीतली लुगडी, हातात कुंकवाचे करंडे! रंगूबाईनं शेजारधर्म म्हणून भिजल्या हरभऱ्यांची पाटीही आणलेली. श्रावणातला शुक्रवार, त्यात दादासोंनी घरी सांगितलेलं, "हवालदाराच्या तळ्यावर हळदीकुंकू हाय!" कुत्रं मात्र त्यांनी इमानानं बांधलं होतं.

ओरडावं तर बदकीण उडणार! मी लुगड्यातून हात हलवून 'जा, जा' खुणावलं.

"बगा, हरणाबाय बोलवतीया!" रंगूबाई म्हणाली. हरणाबाई म्हणजे आमचं कुटुंब.

सगळ्या धावत आल्या. मी मान खाली घातली.

"अगं, लाजतीस काय? नवरा लढाईवरनं आला म्हून?" असं म्हणत रंगूबाईनं कुंकू लावायला माझी हनुवटी वर केली. हाताला लागली मिशी!

"आई गं! मिशी!"

पाटी उडाली, हरभरे उधळले, बायका किंचाळत सैरावैरा! मी डोकं धरून बसलो. गेली बदकीण!

पण कुठली जाते! गवत हललं आणि बदकीणबाई डुलत बाहेर आल्या. मागं पिलांची रांग! हरभऱ्यांतून वाट काढत एकेक पिलू टुपकन पाण्यात! पळणाऱ्या बायका माघारी वळून तळ्याकाठी गोळा झाल्या. रंगूबाईनं तर पिलांची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात हरणाबाई आली. मी छाती फुगवली. "बगितलंस? एवढ्या गलक्यातबी हलली न्हाई. हा माजा पहारा!"

"आवं, कशी हलंल?" लुगडं ओढून घेत ती म्हणाली, "रोज दुपारी तिच्या उशाला बसून तुमी घोरताय. लय सवय झालीया तिला!"